गुरुजी, आपण एका गुणानं जिंकलो

गुरुजी, काल आपल्या कबड्डी संघाचा यंदाचा पहिला सामना झाला आणि आपण तो एका गुणानं जिंकलो. हे वाक्य लिहिताना मला जी शिसारी येते आहे ती तुम्हाला कळावी म्हणून पुढचं सगळं लिहितो. हरलो असतो तर लिहिलं नसतं. हरण्याबद्दल तुम्हाला काही सांगावं अशी गरज नाही. तुमच्या हयातीत आपला संघ जिंकला त्याहून जास्त वेळा हरला, आणि तरी चामोर्शीच्या बाजारात आपल्या गावचा माणूस दिसला की दुसऱ्या गावचे लोक त्याला थांबवून खेळाबद्दल विचारायचे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आजच्या संघातल्या एकाही पोरानं तुम्हाला पाहिलेलं नाही. शाळेच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे, तो काल खाली उतरवून मैदानाच्या कडेला खुर्चीत ठेवला होता आणि त्याला झेंडूचा हार घातला होता. म्हणजे जे झालं ते तुमच्या फोटोसमोर झालं.

मैदान तेच, शाळेमागचं. धान कापून झालं, मळणी उरकली की पहिला सामना, हाही नेम तोच. तुम्ही असताना आठवडाभर आधीपासून आम्ही त्या जमिनीच्या मागे लागायचो. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, धुम्मसनं जमीन ठोकून घट्ट करायची, मग उकिडवं बसून बोटांनी खडे वेचायचे. आणि हे सगळं पाहुण्या संघाच्या बाजूनं आधी करायचं, आपली बाजू नंतर. मी एकदा कुरकुरलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपल्याकडं खडा राह्यला तं आपला गुडगा फुटते. तिकडं राह्यला तं गावाचं नाक कापल्या जाते." शेवटी तुम्ही चपला काढून त्यांच्या बाजूवरून अनवाणी चालत जायचे, डोळे मिटून, आणि आम्ही सगळे श्वास धरून तुमच्या तळव्यांकडे बघत असायचो.

आता चंद्रपूरहून भाड्यानं मॅट येते, निळी आणि पिवळी. मॅटबद्दल माझी तक्रार नाही. पोरांचे गुडघे वाचतात, चांगलं आहे. म्हातारा झालो म्हणून जुनी माती आठवून रडणाऱ्यांतला मी नाही, उभ्या आयुष्यात मी जुन्याच्या नावानं गळे काढणाऱ्यांना व्यासपीठावरून झोडपलं आहे. पण जे पाहिलं ते सांगतो. पोरांच्या छातीवर एका ठेकेदाराचा चेहरा छापलेला, आणि त्याच्या हनुवटीखाली, पोटावर, गावाचं नाव, बारीक अक्षरांत. प्रमुख पाहुणे उशिरा येणार म्हणून दोन्ही संघ अंग तापवून पुन्हा थंड होईपर्यंत उन्हात उभे. पाहुणे आले ते हात हलवत, भाषणात खेळाबद्दल एक शब्द नाही. दर पकडीनंतर पोरं मांडी थोपटून आधी मोबाइल धरलेल्याकडे बघतात, मग जागेवर जातात. दोन गडी बाहेरून आणलेले, त्यांची नावं मला, मंडळाच्या अध्यक्षाला आणि समालोचन करणाऱ्याला, त्यांनाच विचारून घ्यावी लागली. आणि डीजे. गुण झाला की डीजे, गडी पडला की डीजे, पाणी प्यायला थांबले की डीजे.

याहूनही एक गोष्ट मला सहन होत नाही. चढाईला गेलेल्या गड्याचा आवाज येत नाही. घड्याळ लावलेलं असतं, ते वाजलं की चढाई संपते, मग दमाची गरज कोणाला. ओठ नुसते हलतात, पोथी वाचताना झोप आलेल्या माणसासारखे. तुम्ही तळ्याच्या पाळीवर उभे राहायचे आणि पलीकडे खळ्यात उभ्या असलेल्या आमच्या तोंडचा प्रत्येक 'कबड्डी' तुम्हाला सुटा ऐकू यायला हवा असायचा. तुम्हीच तर हेरलं होतंत की तळ्यावर मासेमारी करणाऱ्या घरातली पोरं बुडी मारून अडकलेलं जाळं सोडवतात, त्यांच्याइतका दम कोणाकडे नसणार. तुम्ही घरोघरी जाऊन त्यांना आणलंत, तेव्हा गावातल्या शेतकरी घरांनी नाकं मुरडली होती. मी शेतकऱ्याच्या घरातला, दमाला बरा, पायाला अगदीच बावळा. चढाईला गेलो की मी पकडला जायचो, पण पकडला जाईपर्यंत माझा आवाज बसथांब्यापर्यंत जायचा. तुम्ही माझ्या बाबांना सांगितलं, "हा पोट्टा खेळणार नाई, पण बोलन." मग तुमच्या पत्र्याच्या पेटीतली पुस्तकं मला मिळू लागली, आणि तीही मनात वाचायची नाहीत, मोठ्यानं, एका श्वासात एक वाक्य. पुढे ज्या सभांत मी बोललो, ज्या मोर्चांपुढे बोललो, तिथे लोकांनी ज्या आवाजाचं कौतुक केलं तो कबड्डीचा दम होता.

पण आपल्या संघाची ओळख दमानं झाली नव्हती. ती झाली होती हातानं. ज्याला स्पर्श झाला त्यानं स्वतः हात वर करायचा आणि बाहेर जायचं, पंचाची शिट्टी वाजो न वाजो. हा नियम तुम्ही कुठे लिहिला नाही, संघात येणाऱ्या प्रत्येकाला एकदाच सांगितला. पाहता पाहता तो इतका पसरला की वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे कुठेही सामना असो, पंचाला दिसलं नाही तर पंच सरळ आपल्या गड्यालाच विचारायचा. पुस्तकातला नियम तसा नाही. पंचानं खेळाडूला विचारणं हे कुठल्याही शिकलेल्या पंचाला हास्यास्पद वाटेल. आपल्या भागात ते चालायचं, फक्त आपल्या संघाबाबत चालायचं, आणि समोरचा संघ ते मान्य करायचा.

त्या अंतिम सामन्याचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. नदीपलीकडच्या गावाशी बरोबरी, शेवटची चढाई त्यांची, आणि त्यांच्या कप्तानाचं बोट आपल्या मधल्या गड्याच्या मनगटाला चाटून गेलं. कोणाला दिसलं नाही. त्यांच्या कप्तानालाही कळलं नाही, तो मान खाली घालून परत चालला होता. आपला गडी, तळ्यावरचा, बुड्या मारणारा, एवढंसं हसला आणि त्यानं हात वर केला. आपण हरलो. त्या संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळे जेवायला बसलो आहोत. तुमच्या घरच्या बाई चुलीपुढे बसून भात वाढताहेत, लाखोरीची डाळ आहे, वाळल्या मासळीची चटणी आहे, आणि मी सोळा वर्षांचा, घास हातात धरून भाषण करतो आहे. कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं सगळं त्या गड्यावर झाडतो आहे की एकट्याच्या भाबडेपणानं अख्ख्या गावाचा घात होतो. तो बिचारा खाली बघून जेवतो आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग वाटीतली डाळ त्याच्या भातावर वाढलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू बोलतेस चांगला. यानं हात वर केला, याले बोलाच लागलं नाई. जेव आता." त्यानंतर मी हजार भाषणं केली असतील, गुरुजी. त्यातल्या प्रत्येकात कुठे ना कुठे मला ते वाक्य आडवं आलं आहे.

आता कालचं. समोर माजरीच्या खाणीकडचा संघ होता, कामगारांची पोरं, कपडे साधे, खेळ सरळ. शेवटची चढाई त्यांची. आपण एका गुणानं पुढे. त्यांनी एक गडी टिपला की बरोबरी, आणि जादा डाव. त्यांचा चढाईपटू काटकुळा, पण पायानं लांब. बोनस रेषेपर्यंत आला, काही मिळेना, मागे सरकला, आणि जाता जाता त्यानं पाय लांबवला. डाव्या कोपऱ्यात आपला कप्तान होता. मी त्याच कोपऱ्याला लागून मांडलेल्या टेबलाशी माइक धरून बसलो होतो. त्या पोराचा अंगठा आपल्या कप्तानाच्या नडगीला लागला. मला दिसला. पोरानं मध्यरेषा ओलांडली आणि हात वर करून गुण मागितला. एका रेषापंचाच्या आड गडी आला होता, दुसऱ्यानं खांदे उडवले. मैदानात गोंगाट.

मुख्य पंच कोण होते सांगू? तेच, नदीपलीकडचे, त्या अंतिम सामन्यातले त्यांचे कप्तान. आता केस पांढरे झाले, गुडघे वाकले, पण आपल्या गावचा पहिला सामना म्हटलं की अजून स्वतः येतात, मानधन घेत नाहीत. त्यांनी हात वर करून डीजे बंद करायला लावला. चालत आपल्या कप्तानापाशी आले. एखाद्या आजोबानं नातवाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बाबू, तुले लागला का?"

कप्तानानं आधी नडगीकडे पाहिलं, मग पंचांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाई."

पंचांनी मान हलवली. चढाई रिकामी दिली, वेळ संपली, शिट्टी वाजली. पण मला शिसारी आली ती यामुळे नाही. खोटं बोलणारे मी खूप पाहिले, त्यांच्याशी भांडण्यातच माझं आयुष्य गेलं. ती आली पुढे त्या माजरीकडच्या पोराचं जे पाहिलं त्यानं. 'नाई' ऐकल्यावर त्यानं आपला हात खाली घेतला. चिडून नाही. स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे त्यानं पाहिलं, जणू अंगठ्यानंच त्याला फसवलं असावं. त्याचा सोबती तावातावानं पंचांकडे निघाला होता, त्याला यानं दंडाला धरून थांबवलं. माझ्या टेबलासमोरच. म्हणाला, "राहू दे बे. नसन लागला. या गावचे खोटं नाई बोलत." हे त्याला कोणी सांगितलं असेल? त्याच्या बापानं, काकानं, कोणी तरी जुन्या खेळाडूनं. म्हणजे तुमचा नियम आपल्या पोरांपर्यंत पोचला नाही आणि माजरीच्या खाणीपर्यंत पोचला. आपल्याच नावाच्या चांगुलपणानं आपण त्या पोराला लुटलं. चोर दाराची कडी तोडून येतो, त्याला मी समजू शकतो. हे तर घरच्यांनी विश्वासानं किल्ली दिली आणि त्या किल्लीनं घर साफ केलं.

मी माइक उचलला. म्हटलं, हा विजय आपला नाही, मी इथून पाहिलं आहे, कप्तानानं पुढे येऊन सांगावं. सुरुवातीला लोक हसले, त्यांना वाटलं काकांच्या भाषणाची ही नवी सुरुवात आहे. मी पुढे बोललो. तेव्हा मंडळाचा सचिव, माझ्याच भाषणांवर वाढलेला मुलगा, टेबलापाशी आला आणि अगदी आदरानं म्हणाला, "काका, भाषण उद्या ठेवू ना. आज जिंकलो आपण." आणि त्यानं डीजेवाल्याला खूण केली. ज्या आवाजानं मी लाठ्या घेऊन आलेल्यांना थांबवलं आहे तो आवाज डीजेच्या एका पेटीखाली गेला. ओठ हलत होते. मी ज्या चढाईपटूंना हसलो होतो, त्यांच्यासारखेच.

मॅट गुंडाळत असताना मी कप्तानाला गाठलं. तो पळाला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहितो. टॉवेलनं मान पुसत उभा राहिला. मी विचारलं, लागला होता ना?

"लागला," तो म्हणाला. "मंग? पंच काहाले ठेवते, काका? त्यायले दिसला नाई तं मी सांगू?"

मी म्हटलं, आपल्या संघात तसंच होतं.

"होतं. ते जिल्ह्याचे दोघं निवड कराले आले होते, पाह्यलं ना? एकाच सामन्यावर लिहून नेते. बाद होऊन बाहेर बसलेला गडी कोण लिहून नेते? भरतीत खेळाडूच्या जागा किती असते तुमाले मालूम हाय." मग रागानं नाही, थकून बोलल्यासारखा म्हणाला, "तुमच्या गुरुजीले सरकारी पगार होता, काका. त्यायले परवडत होतं."

  वीस लोक घेऊन अंगावर आलेल्या विरोधकाला मी वाक्याच्या मध्यात गाठून उत्तर दिलेलं आहे, गुरुजी, आणि इथे मी खाली बसून मॅटची कड गुंडाळू लागलो. उत्तर सुचलं घरी आल्यावर, हात धुताना. पगार तुम्हाला होता, पण हात तुम्ही वर केला नव्हता. ज्यानं केला त्याच्याकडे एक जाळं आणि तळ्याचं पाणी, एवढंच होतं, आणि पुढेही तेवढंच राहिलं. त्यालाही त्या दिवशी कोणी तरी लिहून नेलं असतं. त्यालाही नोकरी नकोच होती असं थोडंच आहे. हे मी त्या पोराला सांगायला हवं होतं. अजून सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागलो की त्याचं भाषण होईल, आणि भाषणाला तो नम्रपणे मान हलवील.

पंच शाळेच्या पायरीवर बसून तांब्यानं पाणी पीत होते. त्यांना न सांगता राहणं मला जमलं नसतं. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, भाऊ, लागला होता, मी पाहिलं.

"मले समजलं," ते म्हणाले. "त्यानं पायाकडं पाह्यलं तवाच समजलं. ज्याले लागत नाई तो पायाकडं काऊन पाहीन?"

मी विचारलं, मग गुण का दिला नाही?

त्यांनी उरलेलं पाणी पायरीखाली ओतलं. "विचारलं तं त्याचं आयकाच लागते, भाऊ. नाई तं विचाराचंच काहाले?" गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी दोरी बोटाला गुंडाळली. "आता नाई विचारणार. कोणालेच नाई."

मग ते मोटारसायकलवर मागे बसून नदीकडे गेले. पाया पडायलाही त्यांनी मला वेळ दिला नाही. मी तिथेच बसून राहिलो. मैदानावर गुलाल उधळला जात होता आणि मला त्या गुलालाचा वास कुजल्यासारखा येत होता. आपलं काय गेलं हे तिथे कोणालाच कळलेलं नव्हतं. करंडक तर अजून खूप लांब आहे, हा पहिलाच सामना. गेलं ते एवढंच की पंच थांबायचा, चालत यायचा आणि विचारायचा. या दोन जिल्ह्यांत दुसऱ्या कोणाला तसं कधी विचारलं गेलं नाही. तुम्ही पंचवीस वर्षं घालवून ते कमावलंत आणि एका शब्दात ते संपलं. मी सचिवाला सांगून आलो की यापुढे माइक धरणार नाही, अध्यक्ष म्हणून माझं नाव काढा. तो म्हणाला, "राग शांत झाला की या, काका." त्याच्या मते हा राग आहे. राग मला ठाऊक आहे, तो अंगात ऊब आणतो. हे वेगळं आहे. हे तोंडात राहतं, चूळ भरली तरी जात नाही.

इथे थांबलो असतो तर पत्र पूर्ण झालं असतं. पण तुमच्यापुढे अर्धं सांगून मला कधी निभावता आलं नाही. दुसऱ्या डावात आपले सगळे गडी बाद होते, मॅटवर एकटा तो कप्तान उरला होता, आणि लोण अंगावर येणार हे शेंगा विकणाऱ्या बाईलाही कळलं होतं. तो चढाईला गेला. उजवीकडे जातो असं दाखवून मध्येच वळला, एकाच्या खांद्याला हात लावला, दोघं पायात आले त्यांच्या वरून गेला, पडला, आणि पडलेल्या अवस्थेत बोटांच्या टोकांनी रेषा गाठली. तिघं बाद. आणि गुरुजी, त्या वेळी त्याचा आवाज येत होता. प्रत्येक शब्द सुटा. तळ्याच्या पाळीवरून तुम्हाला ऐकू गेला असता. मी खुर्चीवर उभा होतो, माइक खाली पडला होता, आणि मी, ज्यानं थोड्याच वेळानं त्याला सगळ्या गावासमोर खोटारडा म्हटलं, मी ओक्साबोक्शी रडत होतो. अशी चढाई मी तुमच्या संघात पाहिली नाही. कोणाचीच नाही.

पुढचा सामना भद्रावतीला आहे. मला कोणी बोलावलेलं नाही, मी जाणार नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आज सकाळी बसथांब्यावर जाऊन मी चंद्रपूरची पहिली गाडी आणि तिथून भद्रावतीची गाडी कधी सुटते ते विचारून आलो. मागे, लोकांत उभा राहीन. त्या पोरानं केलं त्याची शिसारी तेव्हाही असेल, आणि तो चढाईला निघाला की माझे डोळे त्याच्याच पायांवर असतील. हे मी त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही ते कोणाला सांगायला आता उरलेला नाहीत.